वॉरंटीचं स्टिकर आणि गल्लीतला मिस्त्री

प्रश्न: इचलकरंजीहून एका वाचकताईंचं पत्र आलं आहे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ४३. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत बळ नाही. एका पतसंस्थेत नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी थोरल्या भावाने १ लाख ३५ हजारांची इलेक्ट्रिक व्हीलचेअर घेऊन दिली आणि त्या एकट्याने कामावर जाऊ लागल्या, भाजी आणू लागल्या. सात आठवड्यांपूर्वी खुर्ची कुरकुरायला लागली. स्पीडब्रेकरचा धक्का बसला की जॉयस्टिकवरचे दिवे लुकलुकतात आणि खुर्ची जागच्या जागी थांबते. हाताखालची वायर एका बाजूला दाबून धरली की पुन्हा चालू. कंपनीच्या माणसाने फोनवरच 'कंट्रोलर गेला' असं सांगून टाकलं. जॉयस्टिक आणि कंट्रोलरचा अख्खा सेट ३४ हजारांना, खुर्ची पुण्याला पाठवायची, तीन-चार आठवडे लागतील. गल्लीच्या तोंडाशी इलेक्ट्रिक स्कूटर दुरुस्त करणारा मुलगा म्हणतो, वायर आतून तुटली आहे, तासाभराचं काम. पण खुर्चीवर 'उघडल्यास वॉरंटी रद्द' असं स्टिकर आहे, मोटरच्या वॉरंटीचे पाच महिने बाकी आहेत आणि भावाचं म्हणणं, कंपनीशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही. ताई लिहितात, 'पैसे दादाने घातलेत, त्याच्या मनाविरुद्ध कशी जाऊ? तशी घाई नाही. जुनी खुर्ची आहे, वहिनी ढकलते. वाट बघावी की उघडू द्यावी?'

उत्तर:

ताई, तुमचं बाकी सगळं पटलं, 'तशी घाई नाही' हे पटलं नाही. त्याच पत्रात चार ओळी खाली तुम्ही लिहिलंय की वहिनींचा स्वयंपाक आटपेपर्यंत तुम्हाला निघता येत नाही, ऑफिसात उशिराच्या नोंदी पडल्यात, आणि दुपारी पाणी पिणं कमी केलंय, कारण बाथरूमपर्यंत न्यायला कुणाला तरी हाक मारावी लागते. घाई नसलेल्या माणसाची ही दिनचर्या नव्हे. साडेतीन रुपयांचा स्क्रू असो की ३४ हजारांचा सेट, तुम्ही मोजताय ते फक्त दुरुस्तीचे पैसे. खुर्ची बंद असलेल्या दिवसांचा हिशेब कुणीच मांडलेला नाही. तुम्हीही नाही, आणि हिशेब तर तुमच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

जुन्या खुर्चीबद्दलही बोललं पाहिजे. ती तुमच्या मापाची नाही, बसल्यावर अंग एका बाजूला कलतं, असं तुम्हीच म्हणता. पोलिओत त्वचेची संवेदना शाबूत राहते, त्यामुळे कुठे रुततंय हे तुम्हाला कळतं आणि तुम्ही सरकून बसता. मणक्याला इजा झालेल्या वाचकांना ते कळत नाही. त्यांच्यासाठी चुकीच्या खुर्चीतले सात आठवडे म्हणजे बेडसोअरला आमंत्रण. तेव्हा 'दुसरी आहे ना घरात' हे वाक्य घरच्यांनी जरा जपून वापरावं.

आता बिघाडाकडे येऊ. तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की अर्धं निदान तिथेच झालंय.

अशा खुर्चीत सहसा सीटखाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. घडीच्या हलक्या खुर्च्यांत लिथियमचा पॅक असतो. मागच्या दोन चाकांना दोन मोटरी. एक हळू आणि एक जोरात फिरली की खुर्ची वळते. मोटरींवर विजेने सुटणारा ब्रेक असतो: वीज मिळाली की ब्रेक मोकळा, वीज तुटली की आवळला. म्हणूनच धक्का बसल्यावर तुमची खुर्ची घरंगळत नाही, जागेवर खिळते. हे सगळं चालवणारा कंट्रोलर सीटखाली, त्याला हुकूम देणारी जॉयस्टिक हाताशी, आणि दोघांना जोडणारी एक केबल. तुमच्या खुर्चीचा हात वर उचलता येतो. पलंगावरून खुर्चीत येताना दर वेळी तो उचलायचा, पुन्हा खाली घ्यायचा. प्रत्येक वेळी केबल त्याच एका जागी वाकते. वरचं रबर धड दिसतं आणि आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात. मग धक्का बसला की संपर्क सुटतो, दाबून धरलं की लागतो.

कंट्रोलर खरंच जळला असता तर वायर दाबून धरल्यावर खुर्ची चालू झाली नसती. मी काही खुर्ची समोर ठेवून बोलत नाही, जॉयस्टिकच्या आतला जोडही सैल असू शकतो. पण खुर्ची न बघता फोनवर 'कंट्रोलर गेला' म्हणणाऱ्यापेक्षा, खाली बसून वायर हातात धरून बघणारा तो मुलगा मला जास्त विश्वासाचा वाटतो. एक काम तुम्ही स्वतः करा. दिवे लुकलुकतात ते उगाच नाही. किती वेळा चमकून थांबतात, पुन्हा किती वेळा चमकतात, ते मोजून लिहून ठेवा. बहुतेक खुर्च्यांत तो बिघाडाचा संकेत असतो आणि त्याची यादी माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असते. आपण ते पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात ठेवून देतो.

दादांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. काही बाबतींत ते अगदी बरोबर आहेत. कंट्रोलरच्या आत वेग, गती किती झपाट्याने वाढावी, जॉयस्टिक सोडल्यावर किती अंतरात थांबावं, हे सगळं भरलेलं असतं. माणसाच्या तोलाप्रमाणे ते बसवतात. अंदाजपंचे बदललं तर उतारावर माणूस पुढे फेकला जाईल. ब्रेकची वायर 'तात्पुरती' जोडून कायम मोकळा ठेवणं, किंवा लिथियम पॅकमधलं संरक्षण देणारं सर्किट बाजूला काढून 'डायरेक्ट' करणं, हे तर कुणालाच करू देऊ नका, कितीही हुशार असला तरी. पहिल्यात खुर्ची घरंगळते, दुसऱ्यात आग लागते.

पण त्याच खुर्चीत टायर-ट्यूब आहे, पुढच्या छोट्या चाकांचं बेअरिंग आहे, चार्जिंगचा सॉकेट, लेड-ॲसिड बॅटऱ्या, काही मोटरींत झिजणारे कार्बन ब्रश आणि अर्थातच वायरी आहेत. यातलं काहीही कंपनीचं गुपित नाही. दादा या दोन्हींचं एकच गाठोडं बांधतात, आणि स्टिकर लावणाऱ्यांनाही तेच हवं असतं. तुमच्याच गावात माग बंद पडला तर मालक बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाची महिनाभर वाट बघतो का? जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, हाक मारतो, मोटर वाइंडिंगवाल्याकडे जाते आणि कामाची पाळी बुडत नाही. मागाला जी मुभा आहे ती ज्या खुर्चीवर माणूस चालतो तिला का नसावी?

ही मुभा मागणारे तुम्ही एकट्या नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२२ साली खास इलेक्ट्रिक व्हीलचेअरच्या दुरुस्तीसाठी कायदा केला, १ जानेवारी २०२३ पासून तो लागू आहे. कंपनीने सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रकं, लागणारी हत्यारं आणि सॉफ्टवेअर खुर्चीच्या मालकाला आणि बाहेरच्या कारागिरालाही वाजवी अटींवर द्यायचं, असा त्याचा गाभा. ते विधेयक मांडणाऱ्यांपैकी एक आमदार, डेव्हिड ऑर्टिझ, स्वतः व्हीलचेअर वापरतात. 'सुरक्षिततेचं काय?' हा दादांचाच प्रश्न तिथे कंपन्यांनीही विचारला होता. उत्तर सोपं होतं: रस्त्याच्या मधोमध बंद पडलेली खुर्ची कुठे सुरक्षित असते? पुढच्याच वर्षी त्या राज्याने शेतीच्या यंत्रांसाठीही तसाच कायदा केला.

आपल्याकडे एवढं झालेलं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर'साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं, अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. व्हीलचेअर त्यांत नाही. ट्रॅक्टर आठवला, फ्रिज आठवला, खुर्ची कुणाला आठवली नाही. (ती चार नावं वाचून मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही.) एक जुना दाखला मात्र उपयोगी आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने (कंपन्या बाजारात मक्तेदारी करत नाहीत ना, हे बघणारी सरकारी संस्था) १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं या कंपन्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नव्हत्या, हा ठपका. पुढे अपिलात दंड कमी झाला, पण 'आमच्याशिवाय कुणी उघडायचं नाही' हा आडमुठेपणा कायद्याच्या नजरेत खटकू शकतो, एवढं त्यातून दिसलं.

तुमच्या हातात आज जे आहे ते म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. आणि इथे तुमच्या मनातल्या दुसऱ्या गाठीला हात घालते. 'पैसे दादाने घातलेत' म्हणून खुर्ची त्यांची, निर्णय त्यांचा, असं तुम्ही धरून चाललात. कायदा तसं धरत नाही. वस्तू विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वापरणाराही ग्राहकच, असं त्यात स्पष्ट आहे. बिल दादांच्या नावावर असलं तरी तक्रार तुम्ही तुमच्या नावाने करू शकता. दादांनी खुर्ची दिली ती तुम्ही मोकळेपणाने फिरावं म्हणूनच ना? मग ती सात आठवडे कोपऱ्यात उभी ठेवून त्यांच्या पैशाचा मान राखला जात नाही. त्यांना हे असंच सांगा, भांडण म्हणून नव्हे. महागाची वस्तू आपल्या होकारामुळे बिघडली असं व्हायला नको, ही त्यांची भीती आहे. मिस्त्रीच्या कामात त्यांना सोबत घेतलं की ती भीती जाते, त्यांना टाळून जात नाही.

आधी वॉरंटी कार्ड काढून वाचा. तुमच्या पत्रावरून दिसतं की इलेक्ट्रॉनिक भागांची वॉरंटी एक वर्षाची होती आणि ती केव्हाच संपली. म्हणजे जॉयस्टिक-केबलच्या बाबतीत गमावण्यासारखं तुमच्याकडे काही उरलेलंच नाही. धोका आहे तो मोटरच्या पाच महिन्यांचा, आणि तोही 'हाताखालची वायर बदलली म्हणून मोटरची जबाबदारी आमची नाही' असं कंपनी म्हणाली तर. म्हणून मिस्त्रीला बोलवायच्या आधी कंपनीला ई-मेल करा, फोन नको. साध्या मराठीत किंवा इंग्रजीत, पण मुद्दे हेच: 'खुर्ची अमुक तारखेपासून बंद आहे. मी तिच्याशिवाय कामावर जाऊ शकत नाही. कंट्रोलर खराब आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं ते लेखी कळवा. जॉयस्टिकची केबल सुटी मिळेल का, किंमत किती, मिळत नसल्यास कारण काय? केबल स्थानिक कारागिराकडून बदलून घेतल्यास मोटरची वॉरंटी कोणत्या कलमाखाली रद्द होते? दुरुस्तीच्या काळात बदली खुर्ची द्याल का? आठ दिवसांत उत्तर न आल्यास मी केबल बाहेरून बदलून घेईन.' सोबत बिघाडाचा व्हिडिओ जोडा: वायर सोडलेली, मग दाबून धरलेली, एकाच शॉटमध्ये.

लेखी प्रश्न गेला की पुष्कळदा जो भाग 'सुटा मिळतच नाही' तो मिळायला लागतो. नाही मिळाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी मुंबईची की दिल्लीची याने फरक पडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, 'ई-जागृती' पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण ३४ हजारांसाठी आयोगात जाणं हे लांबचं काम आहे. तेवढ्यासाठी खुर्ची बंद ठेवू नका. दुरुस्ती एकीकडे, तक्रार दुसरीकडे.

सेट घेऊन टाकायचा पर्याय? पैसे असतील आणि केबल बदलूनही बिघाड राहिला तर जरूर. आज पहिलं पाऊल म्हणून नको. नवी खुर्ची तर मुळीच नको, दोन वर्षांनी तिचीही केबल तिथेच वाकणार.

मिस्त्रीला बोलवाल तेव्हा दादांना घरी असू द्या आणि मोबाइलवर चित्रीकरण त्यांनाच करू द्या. मुलाला आधी सांगा की ही खुर्ची २४ व्होल्टची आहे. त्याच्या हाताला स्कूटरच्या ४८-६० व्होल्टची सवय असते. स्विच बंद, बॅटरीचा जोड काढलेला, प्रत्येक प्लगचा फोटो, मगच स्क्रू. मल्टिमीटर लावून तो केबलच्या प्रत्येक तारेचा सलगपणा तपासेल. तपासताना केबल त्या वाकणाऱ्या जागी हलवायला सांगा, नाहीतर तार सरळ असताना सगळं ठीकच दिसेल. तुटलेली सापडली तर तुकडा जोडण्यापेक्षा तेवढ्याच जाडीच्या तारांची, तेच प्लग असलेली पूर्ण केबल घालणं चांगलं. जोडच द्यायचा असेल तर तो हाताच्या सांध्यापासून लांब आणावा आणि सांध्यापाशी केबलला थोडी ढील ठेवावी. ताणून बांधली तर पुन्हा त्याच जागी तुटेल. केबल धड निघाली आणि कंट्रोलरच उघडायची वेळ आली, तर तिथे हात थांबवायचा.

झाल्यावर लगेच बसू नका. मागची चाकं जमिनीवरून सुटतील अशा लाकडी ठोकळ्यांवर खुर्ची ठेवून जॉयस्टिक चारही बाजूंना फिरवून बघा. सोडली की चाकं थांबली पाहिजेत. मग सपाट जागी सगळ्यात कमी वेगात. उतार शेवटी, दादा मागे उभे असताना, आणि स्विच बंद केल्यावर खुर्ची उतारावर जागची हलली नाही तरच कामावर न्यायची. मोटरींवरची हाताने ढकलण्यासाठीची खिट्टी परत लावली आहे ना, हे बघायला माणसं विसरतात.

इतर वाचकांसाठी थोडं. शिबिरात सरकारी योजनेतून बॅटरीची तिचाकी मिळालेल्यांनी दुरुस्तीसाठी आपल्या भागात ॲलिम्कोचं (दिव्यांगांसाठी साधनं बनवणारी सरकारी कंपनी) प्रधानमंत्री दिव्याशा केंद्र आहे का ते विचारावं. वस्तू वाटून झाल्यावरची देखभालही तिथे होणं अपेक्षित आहे. जे नवी खुर्ची घेणार आहेत त्यांनी रंग आणि घडी बघायच्या आधी दुकानदाराला विचारावं: बॅटरी बाजारात मिळणाऱ्या मापाची आहे का, जॉयस्टिक, केबल, चार्जर सुटे मिळतात का, किती वर्षं मिळतील, आणि हे बिलावर लिहून द्याल का. लिहून देताना जो आढेवेढे घेतो त्याच्याकडून घेऊ नये. बॅटऱ्या बदलायच्या तर दोन्ही एकदम. एक जुनी एक नवी ठेवली की नवीही लवकर जाते. कोल्हापूर भागातल्या वाचकांना नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था माहीत असेलच. वर्षानुवर्षं व्हीलचेअर वापरणारी माणसं अशा ठिकाणी भेटतात, आणि कुठला कारागीर हाताचा चांगला आहे हे कुठल्याही सर्व्हिस सेंटरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

ताई, एक काम मात्र आज रात्रीच करा. बंद खुर्चीची बॅटरी कुणी चार्ज करत नाही, आणि लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की कायमची जाते. चार्जर लावा आणि त्याचा दिवा नेहमीसारखा रंग बदलतो का ते बघा. तुमचं चार्जिंगचं भोक जॉयस्टिकच्या खाली असेल तर वीजही त्याच तुटक्या केबलमधून जाते, म्हणजे चार्जर लावूनही बॅटरी भरत नसेल. तसं दिसलं तर त्या मुलाला उद्याच बोलवून २४ व्होल्टच्या योग्य चार्जरने बॅटऱ्या थेट भरून घ्या. त्यासाठी कंपनीच्या उत्तराची आठ दिवस वाट बघायची गरज नाही. आणि जुनी केबल निघाल्यावर त्याला टाकू देऊ नका. तारीख लिहून, त्याच्या पावतीसोबत पिशवीत घालून ठेवा. कंट्रोलर गेलाच नव्हता हे उद्या कुणाला दाखवायची वेळ आली तर तीच कामाला येईल.